दोन सेकंदांवरची शांतता

"लाल फ्रॉक, पायात वाळे, वय साधारण तीन वर्षं. नाव विचारलं की नुसतं 'बाळ' म्हणते. ज्यांची असेल त्यांनी चपला ठेवतात तिथं येऊन, ओळख पटवून घेऊन जावं."

देवस्थानच्या कर्ण्यावरची ही सूचना मी खिडकीतून ऐकली. आणि एक श्वास घ्यावा तेवढ्या अंतराने तीच सूचना, तशीच्या तशी, माझ्या कानावरच्या हेडफोनमधून आली. लाल फ्रॉक. पायात वाळे. नुसतं बाळ म्हणते.

हेडफोनच्या दुसऱ्या टोकाला शिरढोणकरकाका होते. तीन वर्षं रोज सकाळी अकरा वाजता आम्ही कामाचं बोलत होतो. ते कधी 'आमची नदी' म्हणत, पण ती कुठली हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनीही मला काहीतरी विचारलं असतं. त्यांच्या लेखी मी पुण्यात होते. कंपनीच्या लेखीही. प्रत्यक्षात मी नृसिंहवाडीला, घाटापासून दोन बोळ अलीकडे, पुजारीकाकूंच्या माडीवरच्या खोलीत बसले होते, आणि ती हरवलेली पोर माझ्यापासून दोनशे पावलांवर रडत होती.

"शैलजाताई," काका म्हणाले.

"हो काका."

"तुमच्याकडंही पोरगी हरवली का हो?"

मी माइकवर हात ठेवला, पण आता त्याला अर्थ नव्हता.

"शेजारी टीव्ही चालू आहे," मी म्हटलं.

बाहेर सूचना दुसऱ्यांदा सुरू झाली आणि पुन्हा दोन्हीकडून ऐकू येऊ लागली. ती संपेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

"बरं," काका म्हणाले. "असू द्या. पुढचं घेऊ. चौदा मिनिटं बावीस सेकंद."

आमचं काम असं होतं. गावोगावी सर्वेक्षण करणारी मुलं बायाबापड्यांशी बोलून ते ध्वनिमुद्रित करत. पाणी किती लांबून आणता, बाळंतपण कुठे झालं, घरात कोण काय म्हणतं. ते ऐकून मी शब्द न् शब्द टाइप करायचा आणि काकांनी तो पुन्हा ऐकून तपासायचा. संशयाच्या जागा अकराच्या फोनवर सोडवायच्या. काकांचा कान विलक्षण होता. मागे वाजणाऱ्या पिठाच्या गिरणीवरून ते गाव मोठं की लहान ते सांगत. आणि एका गोष्टीवर ते हटून बसत.

"ताई, इथं बाई थांबलीय. तुम्ही लिहिलं नाहीत."

"काही बोलली नाही ना ती, काका."

"तेच लिहायचं. दोन सेकंदांवरची शांतता लिहायचीच. माणूस खोटं बोलायच्या आधी तिथंच थांबतं. नाहीतर रडायच्या आधी."

मग मी कंसात लिहायची, 'तीन सेकंद शांतता'.

ही ध्वनिमुद्रणं खाजगी. म्हणून कंपनीचा नियम कडक होता: काम नोंदवलेल्या घरच्या पत्त्यावरूनच करायचं. प्रवासात, लॉजवर, पाहुण्यांकडे चालणार नाही. आमचा पर्यवेक्षक ओजस अधूनमधून न सांगता व्हिडिओवर यायचा आणि आमच्या पाठीमागचं बघून जायचा.

माझ्या पाठीमागे नेहमी आईचा पडदा असे. बाटलीच्या रंगाचा, कोयरीचा, पुण्याच्या घरातल्या बाहेरच्या खोलीचा. आई गेली, भाड्याची जागा सोडली आणि मी दोन पिशव्यांत मावेल तेवढं घेऊन निघाले. औदुंबर, माहूर, गाणगापूर, अक्कलकोट. एका ठिकाणी महिना, फार तर सव्वा. नवीन खोलीत शिरले की आधी इंटरनेट खिडकीपाशी नीट चालतं का ते बघायचं, मग दोरी कुठे बांधता येईल ते. दोरीवर पडदा, पडद्याशेजारी भिंतीवरचं तेच जुनं घड्याळ. मग पितळी डबीतला बाळकृष्ण बाहेर काढायचा, त्याला पूर्वेची जागा शोधायची. सकाळी सहाला स्नान, पोथीचा एक अध्याय, मंदिरात जाऊन प्रदक्षिणा. नवाला कामावर. दुपारी प्रसाद. शेजारच्या खोलीत कुणी पारायणाला बसलेलं, कुणी नवसाला आलेलं, आणि मध्ये मी कानाला हेडफोन लावून जालन्याकडच्या कुठल्या बाईचं बोलणं टाइप करते आहे. माझा भाचा म्हणाला, "मावशी, तुला आता डिजिटल नोमॅड म्हणायचं." मी म्हटलं, "बाबा, आमच्यात याला बिऱ्हाड पाठीवर म्हणतात."

ते आयुष्य मला फार आवडत होतं. पन्नाशीला आलेल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या बाईला कुठल्याही देवळाच्या सावलीत महिनाभर राहता येतं आणि कुणाच्या उपकारात राहावं लागत नाही, हे मला देवाचं देणं वाटे. ते सगळं त्या पडद्यावर टांगलेलं होतं.

माझे दोन नेम होते, दोन्ही आईकडून आलेले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की दुसऱ्या दिवशी स्नान होईपर्यंत मौन. आणि दिवसात खोटं बोललं गेलं तर त्या रात्री जेवायचं नाही. खोटं म्हणजे तोंडानं बोललेलं. पडदा काय बोलतो याचा जाब मी स्वतःला कधी विचारला नव्हता. ओजस म्हणे, "मॅडम, घरीच ना?" मी म्हणे, "बसलेय कामाला." हे मला पुरत असे.

त्या दिवशी मात्र मी सरळ खोटं बोलले होते. रात्री पुजारीकाकू ताट घेऊन वर आल्या. मी मानेनेच नाही म्हटलं.

"एकादशी तर परवाच झाली," त्या म्हणाल्या. "पोट बिघडलंय का? पाटीवर लिहून तरी सांगा."

मी हसून हात जोडले. त्या पुटपुटत खाली गेल्या. मला वाटलं, फिटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी खिडकी घट्ट लावून बसले. काका नेहमीसारखे बोलले. काम संपल्यावर म्हणाले, "घाई नाही ना?"

"नाही काका."

"सहज सांगतो आपलं. माझं घर छोटं आहे. घाटाकडं जाणाऱ्या बोळात उजव्या हाताला. दारात सोनचाफा. बोळात दुसरा नाही, त्यामुळं चुकायचं काम नाही. दुपारी चार ते दिवेलागणीपर्यंत मी ओट्यावरच असतो."

"छान," मी म्हटलं.

"आमच्याकडं कवठाची बर्फी चांगली मिळते. तुमच्या पुण्यात नसेल."

"नाही मिळत."

"नसेलच," असं म्हणून ते बारीक हसले.

मी फोन ठेवला. त्यांना कळलं होतं. पण ते बोलावत होते की पारखत होते? तपासनीस ते होते. माझ्याबद्दल महिन्याला वर जाणाऱ्या अहवालात त्यांनी एक ओळ लिहिली असती तर माझा पडदा, माझी क्षेत्रं, सगळं तिथंच संपलं असतं. मी दुपारी बाहेर पडायचं सोडलं. देवळात जाताना तो बोळ टाळून पलीकडून वळसा घालू लागले.

शुक्रवारी ते म्हणाले, "ताई, पुढच्या मंगळवारी मी रजा टाकतोय. मिरजेला जायचं मनात आहे. बसनं काही लांब नाही. पण एकट्यानं जायचा कंटाळा येतो बघा. कुणी ओळखीचं सोबत असलं तर बरं पडतं."

"काही विशेष काम आहे का?"

"किरकोळ."

मग ते थांबले. मला आज ती शांतता मोजता येते. पाच सेकंद असेल.

"तुमच्या शेजारचा टीव्ही काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. "सापडली का त्या पोरीची आई?"

"काका, मला दुसरी मीटिंग आहे," मी म्हटलं. मीटिंग नव्हती. त्या रात्रीही मी जेवले नाही.

सोमवारी मला राहवेना. इतक्या वर्षांचा आवाज दोन बोळ पलीकडे बसला आहे आणि मी त्याला पाहिलेलंही नाही. काका व्हिडिओ कधीच लावत नसत, इकडे रेंज कमी आहे म्हणत. मी एक पळवाट काढली. दिवा लावून मग जायचं. एकदा दिवा लागला की मौन, म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही. लांबून बघायचं आणि परतायचं.

दिवेलागण झाली होती. पालखीची तयारी चालली असावी, घाटाकडून झांजांचा आवाज येत होता. सोनचाफा दिसला. ओट्यावर पंच्याहत्तरीचे, पांढरी बंडी घातलेले गृहस्थ ताठ बसले होते. दारावरचा दिवा लागलेला होता आणि त्याचा सगळा उजेड बोळात, माझ्या अंगावर पडत होता. लांबून बघायचं ठरवून आले होते, पण पाय चार पावलं पुढे गेले.

"कोण?" त्यांनी मान वर केली. थेट माझ्या तोंडाकडे बघितलं.

तोच आवाज. मी हात जोडले. वाकून नमस्कार केला.

ते बघतच राहिले. हात जोडले नाहीत, हसले नाहीत, या म्हणाले नाहीत.

"कोण आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं. "कुणी असेल तर बोला."

मी ओठ घट्ट मिटले. माझा नेम होता. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. समोर उभी आहे, नमस्कार करते आहे, तरी यांना माझ्या तोंडून वदवूनच घ्यायचं आहे. कबुली हवी आहे यांना. मी तशीच उभी राहिले. मग त्यांनी हळूहळू तोंड घाटाकडे वळवलं. मी पदर सावरून मागे फिरले. माझ्या बांगड्या वाजल्या, तेवढाच काय तो आवाज.

मंगळवारी काकांची रजा ठरलेली होती. अकरा वाजले. मी एकटीच काम करत बसले होते, तर स्क्रीनवर त्यांचं नाव उगवलं.

"काका? आज मिरजेला जाणार होता ना?"

"राहिलं," ते म्हणाले. "जाऊ पुढं कधीतरी. घ्या, तुम्ही वाचा, मी ऐकतो."

ते नेहमी हेच म्हणत. तुम्ही वाचा, मी ऐकतो.

त्या आठवड्याच्या शेवटी मी वाडी सोडली. महिना व्हायला अजून नऊ दिवस होते. पुजारीकाकू म्हणाल्या, "कुणी काही बोललं का तुम्हाला?" मी म्हटलं, कुणी नाही. ते खरंच होतं.

काकांनी अहवालात ती ओळ कधीच लिहिली नाही. आमचे फोन चालू राहिले, पण काकांनी पुन्हा सोनचाफ्याचं नाव काढलं नाही, नदीचंही नाही. चारेक महिन्यांनी, मी माहूरला असताना, ओजसचा फोन आला. यापुढे तपासणीला दुसरं माणूस येईल.

"शिरढोणकरकाका?"

"त्यांनी सोडलं, मॅडम. डोळे गेले त्यांचे. म्हणजे दोन वर्षं फार कमी दिसत होतं म्हणे, आणि संध्याकाळचं तर काहीच नाही. आम्हाला पत्ताच नाही! कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवतो ना, त्यावर चालवत होते. बाकी सगळं कानानं. कमाल माणूस."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. समोर आईचा पडदा होता. डोळ्यांपुढे एकच येत होतं. उजेडात उभी राहून, वाकून, हात जोडून केलेला माझा तो नमस्कार.

तरीही जायला मला वर्ष लागलं. जायचं कुठल्या तोंडानं, हे ठरत नव्हतं.

गेले ती भर दुपारी गेले, दिव्याच्या आधी. चाफ्याखाली एक ठेंगणी, ठसठशीत बाई फुलं वेचत होती. काकांची थोरली बहीण, हुबळीची. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी नाव सांगायच्या आत ओट्यावरून आवाज आला.

"अक्का, कोण आलंय?"

"काका, मी शैलजा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझ्या आवाजाच्या दिशेने, पण जरासा चुकून उजवीकडे बघत, त्यांनी हात जोडले. "पुण्याहून?"

"हो," असं मी म्हणणार होते. "नाही," म्हटलं. "माहूरहून. फिरतीवरच असते मी, काका. नेहमीच."

"माहितेय," ते म्हणाले. "कोल्हापूरकडचा कावळा वेगळा ओरडतो, आणि नांदेडकडची रिक्षा वेगळी. पहिल्या वर्षातच कळलं मला. बसा."

"मग वर कळवलं का नाही?"

"मी कुठं माझं कळवत होतो?"

अक्का कॉफी घेऊन आल्या. बसल्या ते भावावर तोंडसुख घ्यायलाच. "काचबिंदू म्हणे. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, लगेच या, सोबत एक माणूस आणा, उरलंय तेवढं वाचवू. आणि हा इथं ओट्यावर बसून राहिला! मला सांगायला याच्या जिभेला काय झालं होतं?"

"तू हुबळीला नेलं असतंस."

"नेलं असतं तर काय वाघानं खाल्लं असतं? आता मीच इथं येऊन पडलेय ते?"

"वाडीत कुणाला सांगावं तर संध्याकाळपर्यंत हिला कळतं," काका मला म्हणाले. "घर सोडायचं नव्हतं मला. मला एक परकं पण ओळखीचं माणूस हवं होतं. एका दिवसापुरतं."

मी कपाकडे बघत राहिले. अक्का दूध बघायला आत गेल्या.

"एक विचारू का ताई?"

"विचारा ना."

"त्या सोमवारी, म्हणजे मी मिरजेला जाणार होतो त्याच्या आदल्या संध्याकाळी, दारात कुणीतरी आलं होतं. उदबत्तीचा वास होता, बांगड्या वाजल्या. मी दोनदा विचारलं. बोललं कुणी नाही." ते हसले. "मला आधी वाटलं, तुम्हीच. मग म्हटलं, छे. त्या असत्या तर बोलल्या असत्या. दारात येऊन अशी मुकाट फिरणारी बाई नव्हे ती. तेवढं मनाशी ठरवलं म्हणून बरं, नाहीतर फार लागलं असतं."

त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. या वेळी दिशा चुकली नाही.

"तुम्ही नव्हतात ना?"

आत दुधाचं भांडं उतरवल्याचा आवाज झाला. चाफ्यावरून काहीतरी टपकन खाली पडलं. मी तोंड उघडलं, मिटलं.

"नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी रिकामा कप चाचपून बाजूला ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "असू द्या."

निघताना अक्कांनी हात धरला. "बस रात्रीची आहे ना? मग जेवूनच जायचं. वांग्याची भाजी केलीय."

"नको अक्का. मी रात्रीची जेवत नाही."

"व्रत आहे का काही?"

काका ऐकत होते.

"हो," मी म्हटलं. "व्रत आहे."

तेव्हा ते खोटं होतं. नेमाप्रमाणे एका दिवसाच्या खोट्याला एकच रात्र. दुसऱ्या रात्री मी ताटावर बसले होते, पण घास उचलेना. रात्रीचं जेवण सुटलं त्याला आता सहा वर्षं झाली. काका त्यानंतरच्या थंडीत गेले. मी अजूनही फिरतीवर असते. नवीन कंपनीला कुठूनही काम केलेलं चालतं, त्यामुळे पडदा पिशवीच्या तळाशी असतो. ज्या क्षेत्री जाईन तिथल्या बाया विचारतात, रात्री उपाशी राहायचं हे कुठलं व्रत, उद्यापन कधी? आणि माझ्या पाया पडायला येतात.

मी पाय मागे घेते. अक्कांना सांगितलेलं ते खोटं मी खरं करून ठेवलं आहे. काकांना सांगितलेलं मात्र तसंच आहे.